अर्धी गोळी

सव्वीस वर्षं मी दांडिया बाजारात
काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे.
लोकांच्या झोपा मोजून दिल्यात,
दहाची स्ट्रिप, पाचच हव्या असतील तर कात्रीनं कापून,
एक्स्पायरीचा तुकडा मात्र माझ्याकडे.
खोक्यातला तो कागद, सोळा घड्यांचा,
मुंगीएवढ्या अक्षरांचा,
कुणी मागितला नाही.
आम्ही त्यात सुट्टे पैसे बांधायचो.

यंदा फाल्गुनात डॉक्टर त्रिवेदींनी
माझ्याच नावाची चिठ्ठी लिहिली.
छातीत धडधड, बोटांना मुंग्या,
गॅस बंद केला का बघायला
चार चार वेळा जिना.
"रोज रात्री एक, टिपणीसबेन.
पंधरा दिवसांत फरक पडशे."

फरक पाचव्याच रात्री पडला.

दुकानाचं शटर अर्धं खाली.
पायरीवर मगर.
चिखल वाळून पाठीला भेगा पडलेल्या.
ती काही करत नाही,
रांगेत आहे.
तिच्या पुढे दिनूदादा, वारला त्या दिवसाच्याच शर्टात,
हातात चिठ्ठी. मला वाचता येत नाही,
कारण अक्षर माझं आहे.
खण उघडते, आत दात.
दुधाचे, पुड्या बांधलेले, वर नावं.
दुसरा खण, दात.
कुणीच बाहेर जात नाही
तरी रांग एक पायरी पुढे सरकते.

तीन वाजून दहा मिनिटं.
ओरडते म्हणे मी.
खालच्या जशोदाबेन भाजीवाल्यासमोरच सांगतात,
"नाव नथी लेता, टिपणीसबेन,
नुसती हाक मारता."

दुसऱ्या कुठल्या गावात
डॉक्टर हसून म्हणाला असता, मगर कुठून येणार?
इथं कोण म्हणेल?
विश्वामित्री चढली की
सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरखाली,
ती निवांत पडलेली असते.
पोरं दोर घेऊन येतात, तोंड बांधतात,
टेम्पोत घालून नेतात,
आणि मागे कुणीतरी आईस्क्रीम खात उभं असतं.
म्हणून मी बॅटरी घेऊन पलंगाखाली बघते
ते वेड नव्हे,
खबरदारी.

एका रविवारी तांदूळ निवडायचा चष्मा लावून
तो कागद टेबलावर उलगडला.
टेबलाच्या बाहेर गेला.
तोंडाला कोरड. बद्धकोष्ठ.
विचित्र स्वप्नं.
अंगावर पुरळ.
दोनच शब्द,
बद्धकोष्ठ आणि पुरळ यांच्या मधे.
अख्खा दिनूदादा तेवढ्यात मावला.

डॉक्टर म्हणाले, एकदम सोडायची नाही,
अर्धी करा.
ब्लेडनं मधोमध कापते,
चुरा बोटावर घेऊन चाटते, कडू.
उरलेली अर्धी कुंकवाच्या रिकाम्या डबीत.

आता स्वप्नही अर्धंच पडतं.
शटर आहे. पायरी आहे.
मगर नाही, दादा नाही, रांग नाही.
पायरी ओली आहे.

परवा रात्री साडेनऊला एक मुलगा आला,
कॉलेजातला असेल, हेल्मेट हातात.
चिठ्ठी मी लांबूनच ओळखली.
"मासी, आ गोळीथी...
मम्मी रात्री ओरडते. या गोळीनं होतं का?"
सव्वीस वर्षांचं उत्तर तयार होतं,
डॉक्टरला विचार.
कात्री हातात तशीच राहिली.
म्हटलं, होतं.
म्हटलं, मीही ओरडते.
डॉक्टरला सांग, पण तिलाही सांग
की हे लिहिलेलं आहे.
कागद दिला, पेन्सिलीनं खूण करून.
त्यानं तो न उलगडता खिशात घातला,
सुट्टे पैसे ठेवावेत तसा.

शटर ओढताना वाकून
पायरीवर तळहात टेकला.
कोरडी होती, दिवसाच्या उन्हानं अजून कोमट.
घरी आले. गॅस पाहिला, बंद.
अर्धी घेतली.
दिवा मालवला,
मग उठून
गॅस पुन्हा एकदा.