वजनाचा रकाना

केसपेपरवर नाव आहे, वय आहे,
रक्तदाब दर चार तासांनी, निळ्या शाईत.
वजनाचा रकाना कोरा.
सहा दिवस झाले. खाट नंबर अकरा,
दस्तगीर शिकलगार, सतारमेकर गल्ली, मिरज.

'उपाशी ठेवा' कुणी लिहिलं ते कळतं,
खाली सही आहे.
'आता खाऊ द्या' कुणी लिहायचं
हे राउंडला कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी तेव्हा तळमजल्यावर
बिनमिठाची आमटी वाट्यांनी मोजत होते.

काटा बायकांच्या वॉर्डातून ढकलत आणला,
एक चाक कुरकुरणारा.
त्यांना उभं राहवेना. मग दंडाला टेप लावली.
टेपचं टोक स्वतःलाच ओलांडून
पुढं सरकत राहिलं.

फॉर्म विचारतो: तीन महिन्यांत वजन आपोआप घटलं का?
'आपोआप काय घटतंय, बाई.
घड्याळ आधी मनगटाला होतं,
मग कोपरापर्यंत चढाय लागलं,
मग पोरानं काढून घेतलं.'
मी 'होय'वर खूण केली.

चाळीस वर्षं तंबोऱ्याचे भोपळे पारखले त्यांनी.
टिचकी मारायची, कान लावायचा,
आत किती पोकळ ते बोटाला कळायचं.
आता स्वतःच्या पोटावर टिचकी मारली:
'वाळला. आता वाजंल ह्यो.'
बारा नंबर हसला, सिस्टर हसली.
मला हसू आलं ते जिन्यात, उशिरा,
आणि तिथंच थांबावं लागलं जरा.

नाकातून नळी. डोकं तीस अंश वर.
आधी रक्तातलं फॉस्फरस बघा,
तासाला वीस मिली, जास्त नाही.
फार दिवस उपाशी राहिलेल्या अंगाला
अन्नसुद्धा एकदम सोसत नाही,
हे मी रात्रपाळीला सांगते, दिवसपाळीला सांगते,
सुनेला सांगते. ती पदराखाली थर्मास दाबून:
'चहा हो. एवढासाच. नळीतनं काय कळतंय त्यास्नी?'

कळतं, ते खुणेनं म्हणाले.

जंक्शनवर गाडी ओरडते तेव्हा
खिडकीची काच थरथरते,
आणि स्टँडला लावलेली पिशवीही.
ते तिच्याकडे बघत पडून असतात,
ताण तपासत असल्यासारखे.

अकराव्या दिवशी काट्यावर उभे राहिले,
एक हात माझ्या खांद्यावर.
एक्केचाळीस किलो तीनशे.
खांद्यावरचा हात काढायला सांगितला. चाळीस, आठशे.
'नळीसकट?' त्यांनी विचारलं.

नळीचं मी काही वजा केलं नाही.