हाताआडचं पातं

म्हापशाच्या शुक्रवारी, चोरिसाच्या माळांपलीकडे,
बाबा गोणपाटावर लोखंड मांडून बसायचे:
कोयते, आडोळ्या, खोरी,
आणि एका डब्यात जुन्या होड्यांचे खिळे,
चौकोनी, वीतभर, मिठाने चावलेले.

ती उकिडवी बसली. साठीची असावी.
कोयत्यांकडे पाहिलंच नाही.
खिळा उचलून बोटावर आडवा तोलला,
आम्ही बांगड्याचा कल्ला उचलून बघतो
तसं त्यात काहीतरी बघितलं.
याचं डोकं काढून, टोक करून द्याल? असे सात.

हरमलला राहायची. नाव मिसाको.
तिचं इंग्रजी मोडकं, बाबांचं त्याहून,
म्हणून मला मध्ये बसवलं.

सुबराय चारी, पाळीचे लोहार,
गिऱ्हाइकाला कधी विचारत नसत, कशाला हवं.
कोयत्याने कोण नारळ सोलतो, कोण शेजाऱ्याची मेर,
ते भट्टीने विचारू नये, म्हणायचे.
तिला मात्र विचारलं.
फेकायला, म्हणाली.

मला सिनेमातली चांदणी आठवली,
काळे कपडे, कौलांवरून उड्या.
ती हसली. चांदणी कसली,
तो सुताराचा चौकोनी पत्रा, मध्ये भोक,
खिळे उपटायचा.
आणि ही सळई म्हणजे खिळाच,
नाहीतर जाड सुई, नाहीतर चामडं शिवायचा दाभण,
ज्याच्या घरात जे होतं ते.
प्रत्येक गुरूच्या सळईचा आकार वेगळा,
कारण प्रत्येक गावचा लोहार वेगळा.

हे बाबांना पटलं.

मारायला?
नाही. मारायला तलवार होती.
हे समोरच्याची पापणी मिटवायला.
तेवढ्यात पुढे सरकायचं,
किंवा पळायचं.
नावाचा अर्थच हाताआड ठेवलेलं पातं.

भात्यावर मी होते. करवंट्यांचा कोळसा.
पहिला वाकला. दुसरा पाण्यात तडकला,
त्याचा आवाज ऐकून दोघंही एकदमच च्‌ च्‌ म्हणाली.
वजन टोकाकडे, ती सांगत राहिली, टोकाकडे.
शेवटी खोबरेल चोळून धुरावर धरले:
चकाकला तर दिसला,
दिसला तर गेला.

मग परसातल्या फणसासमोर, चार पावलांवर,
हात कानाजवळून सरळ खाली,
बोट सळईच्या पाठीवर शेवटपर्यंत.
फेकू नकोस, मला म्हणाली,
हात जाऊ दे, ती आपली आपण निघेल.
माझी निघाली ती कोंबड्यांच्या खुराड्यात.
बाबांची आडवी आपटली, अकरा वेळा.
तिची प्रत्येक, ठप्,
पोस्टातला शिक्का पडावा तशी.

चहाच्या वेळी बाबा सहज बोलले:
माझा थोरला भाऊ बार्जीवर होता.
आमची तांबडी माती मांडवीतून मुरगावला,
मुरगावहून बोटीने तुमच्या जपानला.
चाळीस वर्षं. डोंगर गेला,
खड्ड्यात हिरवं पाणी उरलं, त्यात म्हशी पोहतात.
तुझ्या घरची विळीसुद्धा पाळीची असेल.

मी जमेल तसं सांगितलं.
विळीला शब्द मिळेना, सुरी म्हटलं.
ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली,
मग उठून भट्टीसमोर कमरेतून वाकली.
बाबांना काय करावं कळेना.
त्यांनी तिचा भरलेला कप पुन्हा भरला.

सहा घेऊन गेली. सातवी खोडातून निघेना.
बाबा पकड आणायला वळले,
ती म्हणाली, राहू दे.

फणस गेल्या वर्षी पडला, बाबांनंतर दोन पावसाळ्यांनी.
साखळीच्या आरागिरणीवाल्याने खोड परत पाठवलं.
म्हणाला, आत लोखंड आहे, माझं पातं तुटेल.
कुठेच दिसत नाही, मी म्हटलं.
त्याने बोट ठेवलं:
पिवळ्या लाकडावर निळा-काळा डाग,
वर सालीत एक रेघ, ओठ मिटल्यासारखी.

टेम्पोचं भाडं
दोन्ही खेपांचं मलाच पडलं.