सदतीस अंश

आयलिफचं रक्त वार्दोच्या बंदरातून आलं,
टपालगाडीत, रात्रभर गारठत.
यंत्र म्हणालं: तांबड्या पेशी निम्म्याच.
हिमोग्लोबिन मात्र ठीक.
हिशेब जुळेना.

नळी दिव्यापुढे तिरकी धरली,
काचेला रव्यासारखे कण.
जन्मभर कॉड कापत आलेला माणूस;
बोटं निळी पडतात.
तोरब्यॉर्ग म्हणते, हातमोजे मुद्दाम हरवतो.

पाणी सदतीस अंशांवर. अर्धा तास.
माझी कॉफी तेवढ्यात निवली.

पेशी सुट्या झाल्या.
गारठ्यात बिलगून बसल्या होत्या नुसत्या,
यंत्रानं चौघींना एक धरलं.

नवा आकडा लिहिला.
जुना खोडला नाही,
शेजारी नोंदवलं: हा थंडीतला.

सकाळी तोरब्यॉर्गला फोन केला,
म्हटलं, नवऱ्याला रागावू नका.
ती म्हणाली, हातमोजे सापडले,
सुऱ्यांच्या पेटीत.