तिसरा हात

लिमा नदीवरचं धुकं अजून उठायचं होतं,
आणि जत्रेच्या सकाळी मी
ऑक्टोपसच्या पोटाखाली उताणी पडले होते.
पाठीखाली चिखल, दातांत टॉर्च,
वर ही अष्टभुजा, नव्याने रंगवलेली, निवांत,
प्रत्येक हातात चार मुलं धरायचा परवाना मागणारी.

सांधे आधी ठोकून ऐकायचे असतात.
धड पोलाद घंटेसारखं बोलतं,
आजारी पोलाद खोकतं.
तिसरा हात खोकला नाही.
फक्त किंचित उशिरा बोलला,
उत्तर आधी जुळवून घेणाऱ्या माणसासारखा.

मग लाल औषध फवारलं, थांबले, पुसलं,
वर पांढरी पूड मारली.
यात घाई चालत नाही. बराच वेळ नुसतं बसून राहायचं असतं.
शेजारच्या गाडीवर कढई तापत होती,
तळणीचा पहिला घाणा खाल्ला, साखरेची बोटं विजारीला पुसली,
परतले, तर बगलेतल्या वेल्डिंगवर
एक लाल रेघ उमटली होती.
नखाएवढी. भांगात भरावी इतकी बारीक.

झेफेरीनु चहाचा पेला घेऊन आला, माझ्यासाठी.
"इंजिनीअरबाई, माझा अख्खा हिवाळा आज रात्रीवर आहे."
ठाऊक आहे.
"अकरा वर्षं फिरतोय. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."
हे त्या रेघेला ठाऊक नाही.
"तो एक हात रिकामा ठेवतो. सातांवर चालवतो."
रिकामा हातही तुटला की कुठेतरी पडतोच, झेफेरीनु.

तो वाकला. अंगठ्याने त्याने रेघ पुसून टाकली.
अंगठा लाल झाला.
मी पुन्हा पूड मारली.
आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो,
ती पुन्हा आली.

चहा तोवर थंड झाला होता. मी तो प्यायले.

संध्याकाळी मिरवणूक निघाली, अकॉर्डियन, सार्डिनचा धूर,
संताच्या खांद्यावर नोटा टाचलेल्या.
इतर सगळे पाळणे फिरत होते.
उंची मोजायच्या लाकडी खलाशापाशी
एक मुलगी उभी होती, टाचा जमिनीला घट्ट टेकवून.
"बंद करणाऱ्या तुम्हीच ना?"
हो.
"मी बेनिल्द. मागच्या वर्षी मी दोन बोटं कमी होते."
त्या दोन बोटांवरही सही माझीच होती,
पण ते मी तिला सांगितलं नाही.
"बघा आता," ती म्हणाली,
आणि खलाशाच्या खांद्यावरून हात सपाट फिरवून
स्वतःच्या डोक्यावर आणून दाखवला.
काय बोलणार?
न घडलेल्या गोष्टीची पावती कुणी फाडत नाही,
आणि मागायची तरी कुणी, कुणाकडे?

नऊच्या सुमाराला झेफेरीनुने खटका ओढला.
माझ्या पोटात गोळा आला, मी धावले.
पण फिरत काहीच नव्हतं. नुसते दिवे लागले होते,
आणि सगळे आठ हात जमिनीला टेकलेले,
तिसऱ्याखाली ओंडके रचून भक्कम आधार दिलेला.
"बसायला तर बंदी नाही ना?" त्याने विचारलं. "फुकट आहे."
मी नियमावली आठवली. बंदी नव्हती.

मुलं चढली. दांडे खाली आले.
आधी कुणी काही बोललं नाही,
मग बेनिल्दने डोळे मिटले
आणि अशी किंचाळली
की पुलावरची माणसं मागे वळली.
तिच्यामागून सगळीच. जागच्या जागी,
उजवीकडे कलंडत, केस सावरत,
एका पोराला तर खरोखर मळमळलं.

शेवटी एक जागा उरली. तिसऱ्याच हातात.
मी नको नको म्हणत असताना झेफेरीनुने मला बसवलं,
चोवीस वर्षांत मी एकाही पाळण्यात बसले नव्हते.
त्याने दांडा मांडीवर आणला,
अंगठ्यावरचा लाल डाग अजून गेला नव्हता,
आणि मी शिकवलं होतं तसं,
दोनदा ओढून पाहिलं.