खुणेची ठिकाणं

दृश्यता मोजायला यंत्र लागत नाही,
लोटन आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
गच्चीवर जायचं, उत्तरेला तोंड करायचं,
काय काय दिसतं ते वहीत लिहायचं.
पाण्याची टाकी : एक किलोमीटर.
जिनिंगची चिमणी : तीन.
लासूरच्या रस्त्यावरचा टॉवर : आठ.
सातपुडा : वीस.
त्याच्या पुढचं आपल्याला कुणी विचारत नाही.

सव्वीस मार्चला, सकाळी साडेआठला
सातपुडा नव्हता.
चष्मा पदराला पुसला. तरी नव्हता.
टॉवरचा नुसता वरचा लाल दिवा, तोही
आठवून पाहिल्यासारखा.
सूर्य दोन कासरे वर,
पण सरळ बघता येत होता त्याच्याकडे,
पितळी डब्याच्या झाकणाकडे बघावं तसा.

आबांना फोन लावला.
रिटायर झाले तरी ओट्यावरून रोज बघतातच.
म्हणाले, "हाई धुकं नही, पोरी.
केळीना पानवर हात फिरव."
पान कोरडं होतं. बोट करडं झालं.
ओल्या आणि कोरड्या पाऱ्यात
अकरा अंशांचं अंतर. धुक्यात इतकं कसं असेल?

वास मात्र नव्हता, तेच खटकत होतं.
जवळचा धूर आधी नाकात शिरतो.
लांबचा, वाटेत एकेक ओझं टाकत येतो :
आधी जड राख, मग काळेपणा, मग वास.
उरतं ते इतकं बारीक
की पिठाच्या चाळणीला कळत नाही,
तोंडावर बांधलेल्या उपरण्याला कळत नाही,
छातीला कळतं, तेही रात्री.
अंधारात गार वाऱ्याबरोबर ते दऱ्यांतून उतरतं,
तापीच्या खोऱ्यात आडवं होतं.
वरून उबदार हवेचं झाकण बसतं
आणि ऊन तापेपर्यंत ते कुणी उचलत नाही.

वनरक्षक गुमान पावरा फोनवर खोकत होता.
"आमची विझली ताई, तीन दिवस झाले.
हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवली.
जाळरेषा धरून राहिलो चौघं, रुमालीबाईसुद्धा.
तिची चारोळीची दहा झाडं गेली.
लोक म्हणतात, मोहाखालचा पाला तिनंच पेटवला.
ती म्हणते, मोह या वर्षी फुललाच कुठे?"
मग थांबून : "इकडेही काही दिसत नाही हो.
आम्हाला वाटलं, तुमच्याकडूनच येतोय,
कुणी गव्हाचं काड पेटवलं असेल."

मी गच्चीवर उभी. फोन कानाला तसाच.
डोंगर मला विचारत होता, मी डोंगराला.
आग त्याच्याही पलीकडची,
नर्मदेकडची, का नर्मदेच्याही वरची?
धुराला सातबारा नसतो,
कुणाच्या शेतातून निघाला, कुणाच्या नावावर चढवायचा?

वहीत तीनच रकाने : धुके, धूळ, धूर.
धूर लिहिला तर पुढे छापलेलंच आहे :
आगीचं ठिकाण.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, झाकोळ.
वरून साहेबांचा फोन येईल, येऊ दे.

दुपारी चिमणी आली. मग टॉवर, अर्धा.
साडेपाचला वारा उत्तरेचा झाला
आणि सातपुडा हळूच परतला,
उशिरा आलेल्या पोरानं
दाराशी चपला हातात घेऊन उभं राहावं तसा.

म्हणजे तो पुढे निघाला.
आज रात्री तापी ओलांडेल, अमळनेर, पारोळा,
उद्या अजिंठ्याच्या रांगेपर्यंत.
तिकडेही असेल कुणी गच्चीवर,
चष्मा पुसेल, पानावर बोट फिरवेल,
आणि उत्तरेकडे, आमच्याकडे बघून
म्हणेल,
चोपड्याकडे काहीतरी पेटलंय.