जिन्यात काही नव्हतं

पुंता अरेनास. जूनमध्ये इथं
पाच वाजताच रात्र कामावर येते,
आणि सामुद्रधुनीवरचा वारा
हजेरीपुस्तकात नाव नसताना
सगळ्यांच्या आधी हजर असतो.

आम्ही शाळा बांधत होतो. चार मजले.
मी एकोणीस वर्षांचा, परांची बांधणारा,
म्हणजे हवेत चालणारा, आणि जमिनीवरच्यांना
जरा कमी लेखणारा.

एर्मेलिंदा बार्रिया जमिनीवरची.
कागदावर हुद्दा 'मदतनीस'.
हातात काठी, काठीला दोरी, दोरीला चुंबक,
मोडक्या लाउडस्पीकरमधून काढलेलं.
म्हातारं कुत्रं फिरवून आणावं
तशी ती ते मातीवरून ओढत नेई,
आणि संध्याकाळी त्या कुत्र्याच्या अंगावर
खिळ्यांची लव उभी असे.

फळीतून वर आलेला खिळा दिसला की थांबे.
उपटी. नाहीच निघाला तर ठोकून आडवा निजवी.
उभ्या सळयांच्या टोकांना टोप्या घाली.
प्लास्टिकच्या टोप्या संपल्या
तेव्हा दह्याचे रिकामे डबे.
आम्ही हसलो. सळया कुणाच्या तरी
वाढदिवसाला आल्यासारख्या दिसत होत्या.

आणि तोंड चालू:
हे घमेलं कुणाचं?
ही नळी जिन्यात का झोपलीय?
ते प्लायवूड बांधून ठेव, ओयार्सो,
वाऱ्याला वाचता येत नाही
त्यावर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते.
मुकादम ओयार्सो मनगटावरचं घड्याळ दाखवी.
ती म्हणे, वेळ नाही ना? म्हणूनच.

मी म्हणायचो, उद्या.
माझे किती उद्या तिनं उचलून
जागच्या जागी नेऊन ठेवले
त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

त्या मंगळवारी वाऱ्यानं
जनरेटरवरचा पत्रा उचकटला
आणि सगळे दिवे एकदम गेले.
मी चौथ्या मजल्यावर, एकटा.
मोबाइल खाली, जेवणाच्या पिशवीत.
जिन्याला अजून कठडा नव्हता.
एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला
नुसता आवाज.

बहात्तर पायऱ्या.
भिंतीला खांदा घासत निघालो
आणि अंधारात मला माझंच सामान दिसू लागलं:
तेराव्या पायरीवर दुपारी टेकवलेली
सिमेंटची अर्धी गोणी,
वळणावर पाणसळ, काचेची बाजू वर,
त्याखाली बांधणीच्या तारेचं भेंडोळं,
आणि ड्रिलची वायर, ती नक्की कुठे होती
हे दिवसाउजेडीसुद्धा मला सांगता आलं नसतं.

पाय पुढे करायचो, चाचपायचो.
तेरावी.
रिकामी.
वळण. वाकून हात फिरवला.
गार सिमेंट, आणखी काही नाही.
बर्फ धरू नये म्हणून कुणीतरी वाळू टाकलेली,
बुटाखाली ती करकरत होती,
आहे, आहे, आहे म्हटल्यासारखी.
पायरीमागून पायरी मी
जे नव्हतं त्यावर पाय देत उतरलो.

खाली एर्मेलिंदा दातांत विजेरी धरून
वाकडे खिळे सरळ करत बसलेली.
विजेरी काढून म्हणाली,
पाणसळ कोठीत आहे, चिठ्ठीवर तुझं नाव घातलंय.
वायर आणि भेंडोळंही तिथंच.
गोणी मला झेपेना, नाहुएलकीनला लावली उचलायला,
तो कंबर धरून बसलाय. त्याला काहीतरी खाऊ घाल.

माझे गुडघे तेव्हा थरथरायला लागले.
वरून खाली येईपर्यंत थांबले होते बिचारे.
तिला काय सांगणार होतो?
की मी कशालाही अडखळलो नाही?
ही काय बातमी झाली?

दुसऱ्या दिवशी घरून
दह्याचे चार डबे घेऊन गेलो.
तिनं एकेक उजेडात धरून आत पाहिलं
आणि चारही परत दिले.
धुऊन आण, म्हणाली.