खडकशेपू

आधी वास आला.
धारूरच्या घाटात गाडी पंक्चर झाली,
मुरमावर बूड टेकलं आणि शेपूच्या भाजीचा वास आला.
दोन कोसांत ना विहीर, ना वाफा.

खाली पाहिलं.
वीतभरही नाही, बोटाएवढं झाड. झाड म्हणणं जास्तच.
कपारीतून उठलेलं आणि लगेच कलंडलेलं,
पानं इतकी चिरलेली की पान उरलंच नव्हतं, नुसत्या शिरा.
शेंड्याला पिवळं फूल,
कॉलरच्या बटणापेक्षाही लहान.

वहीच्या दोन पानांत दाबून
मी ते अंबाजोगाईला आणलं.
सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत बरण्या पुसल्या,
स्वतःहून काही आणलं ते हे पहिलंच.

डिग्रसकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"पाकळ्या किती, जिलानी?"
एकाला दोन होत्या, एकाला तीन, एकाला एकच.
"आणि हे एक फूल नाही. मधली प्रत्येक नळी वेगळं फूल.
वस्ती आहे ही."
मग जाडा ग्रंथ माझ्यापुढे सारला: तूच शोध.
पानं समोरासमोर असतील तर पाचवर जा,
एकाआड एक असतील तर नऊवर.
बीच्या डोक्याला दोन कुसं असतील तर चौदा.
मी नऊवर गेलो, चौदावर गेलो, परत पाचवर आलो,
नळाच्या लायनीत नंबर चुकावा तसा.

नाव सापडलं ते घाटातच,
बी गोळा करायला परत गेलो तेव्हा.
शेळ्यांमागची चतुराबाई म्हणाली, "काय हुडकायलाव?"
मी दाखवलं.
तिनं पान चुरगाळलं, नाकाला लावलं,
"फत्तरसुवा हाय की. खडकशेपू म्हन, काय बी म्हन.
त्याला काय पुस्तक लागतंय व्हय?"

बी काळं, जिऱ्यापेक्षा बारीक.
काडेपेटीत भरून आणलं.
पहिल्या वर्षी कुंडी, शेणखत, सावली,
सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी.
सात उगवले, सातही बुडाशी कुजले.
शाहेदानं त्या कुंडीत कोथिंबीर लावली,
आणि ती आली, मेली, झुपकेच्या झुपके.

दुसऱ्या वर्षी बायपासच्या कामावरून
फुटक्या घमेल्यात मुरूम आणला.
बी नुसतं वर भुरभुरलं, झाकलं नाही,
घमेलं पत्र्यावर ठेवलं
आणि मुलीच्या लग्नाच्या गडबडीत विसरलो.

दिवाळीच्या सुट्टीत टाकी बघायला वर चढलो
तर चार होते.
एक मुंग्यांनी कातरला,
एक पाहुण्यांच्या पोरानं उपटला, त्याला माती खायची होती.
तिसऱ्याचं काय झालं ते माहीत नाही.
चौथा फुलला. अडीच इंच, पट्टीनं मोजला.
बारावीची दोन पोरं बघायला आली.
"मामा, हे तणच आहे ना?"
हो म्हणालो. तणच आहे.

मॅडमनी कागदावर डकवला, खाली चिठ्ठी लिहिली:
आयुर्मान, वर्षायू.
शतायू, दीर्घायू ऐकलं होतं,
हा आशीर्वाद पहिल्यांदाच वाचला.
त्याखाली, संग्राहक: जिलानी, प्रयोगशाळा परिचर.
ठिकाणाच्या रकान्यात मी सांगितलं तेच लिहिलं,
धारूर घाट, पंक्चरची जागा.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम रिटायर झाल्या.
कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे,
वाळवी लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उघडतो.
कागदातलं फूल आता चहाच्या रंगाचं झालंय,
वास गेला.

घमेलं अजून पत्र्यावर आहे.
खडूनं लिहून ठेवलंय: धुऊ नये.
मृग होऊन गेला, वर काही दिसत नाही.
काल चिमूटभर मुरूम चोळून नाकाशी धरला.
मुरमाचाच वास आला,
आणि थोडा, असं मला वाटलं,
शाहेदा म्हणते खाली शेजारच्यांकडे भाजी शिजत होती.